सत्त्याहत्तर दिवसांचा अर्ज

17 जानेवारी 2021, रविवार. भोसरी एमआयडीसीच्या कडेला आमची एक खोली आहे. तिथे आम्ही चारजण रविवारी सकाळी बसतो आणि कामगारांचे पीएफ, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), ग्रॅच्युइटीचे कागद बघतो. मी एका कारखान्यात एकोणीस वर्षं पगारपत्रकं केली, म्हणून ईएसआयचं काही असलं की ते माझ्या टेबलावर येतं. त्या दिवशी आलेल्या बाईंच्या पिशवीत ईएसआयचं कार्ड, आधारची झेरॉक्स, बँकेचं पासबुक आणि पगाराच्या चार चिठ्ठ्या होत्या. "ताई, बेकारी भत्ता मिळतो म्हणतात. मला मिळंल का?"

त्यांचं नाव देत नाही. वय त्रेचाळीस, मूळच्या मराठवाड्यातल्या. गाड्यांच्या रबरी बुशांना साच्यातून निघताना जी जास्तीची कड राहते, ती कात्रीनं कापायचं त्यांचं काम. कंपनी मोठी, पण कामाला ठेकेदाराकडे. जानेवारी 2018 पासून ईएसआय कापला जात होता. मार्च 2020 च्या लॉकडाऊनमध्ये काम बंद पडलं, जूनच्या मध्यावर परत बोलावणं आलं. मग 7 नोव्हेंबरला, दिवाळीच्या आधीच्या शनिवारी, सुपरवायझरनं चौदा बायकांचे गेटपास काढून घेतले आणि सांगितलं, "ऑर्डर नाही, दिवाळी झाली की फोन करतो." तो फोन कधी आला नाही.

तेव्हा योजना अशी होती. कर्मचारी राज्य विमा महामंडळानं 1 जुलै 2018 पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू केली. सुरुवातीला भत्ता होता सरासरी रोजच्या मिळकतीच्या 25 टक्के, तोही काम सुटून 90 दिवस झाल्यावर, आणि अर्ज मालकामार्फत करायचा. कोरोनाच्या काळात हे बदललं. 24 मार्च 2020 पासून बेकार झालेल्यांसाठी भत्ता 50 टक्के झाला, 90 ऐवजी 30 दिवसांनी मागता येऊ लागला आणि कामगार स्वतः थेट शाखा कार्यालयात अर्ज करू शकू लागला. नोव्हेंबर 2020 मध्ये ऑनलाइन अर्जासाठी प्रतिज्ञापत्राची अटही गेली. भत्ता आयुष्यात एकूण 90 दिवसांचाच. पात्रतेच्या अटी अशा: दोन वर्षांची विमित, म्हणजे ईएसआय लागू असलेली, नोकरी, काम सुटण्याच्या लगेच आधीच्या वर्गणी-काळात किमान 78 दिवसांची वर्गणी (म्हणजे तितक्या दिवसांच्या कामावर भरलेला ईएसआय), आणि त्याआधीच्या तीन वर्गणी-काळांपैकी एकात तरी 78 दिवस. वर्गणी-काळ सहा महिन्यांचा असतो, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च.

बाईंच्या बाबतीत लगेच आधीचा काळ म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर 2020. मी चिठ्ठ्या बघितल्या. जूनमध्ये 12 दिवस, जुलैत 24, ऑगस्टमध्ये 25, सप्टेंबरमध्ये 26. बेरीज 87. म्हटलं, प्रश्नच नाही. मोबाइलवरून अर्ज भरला, प्रिंट काढली, आधार आणि पासबुकाची प्रत जोडली आणि 20 जानेवारीला बाईंनी तो शाखेत दिला.

इथे माझी चूक झाली. ठेकेदारानं दिलेल्या चिठ्ठ्या मी बघितल्या, पण त्याच ठेकेदारानं महामंडळाकडे काय भरलंय ते बघितलं नाही. विमित कामगाराला स्वतःच्या विमा क्रमांकानं महामंडळाच्या पोर्टलवर आपली वर्गणी महिन्यागणिक पाहता येते. दहा आकडी क्रमांक कार्डावर छापलेला असतो. पाच मिनिटांचं काम होतं. ते अर्जाच्या आधी केलं असतं तर बाईंचे निदान दोन महिने वाचले असते.

11 फेब्रुवारीला अर्ज परत आला. कारणं दोन. एक, विमित व्यक्ती सध्या नोकरीत असल्याचं दिसतं. दोन, लगेच आधीच्या वर्गणी-काळात 78 दिवस भरत नाहीत.

त्या रविवारी आम्ही दोघींनी शेजारी बसून पोर्टल उघडलं. ठेकेदार दर महिन्याला एक एक्सेल फाइल चढवतो. त्यात प्रत्येक कामगाराची एक ओळ असते: विमा क्रमांक, नाव, किती दिवस, किती पगार, आणि दिवस शून्य असतील तर कारणाचा आकडा. हे आकडे ठरलेले आहेत. 1 म्हणजे रजेवर, 2 नोकरी सोडली, 3 निवृत्त, 5 मृत्यू, 9 संप किंवा टाळेबंदी (मालकानं कारखान्याला टाळं लावणं), 10 कामगार कपात, 11 काम नाही. बाईंच्या नोव्हेंबरच्या ओळीत 6 दिवस होते, ते बरोबर होतं. डिसेंबरच्या ओळीत दिवस शून्य आणि कारण 1. रजेवर! दिवाळीनंतरच्या फोनची वाट बघत घरी बसलेली बाई सरकारी कागदावर रजा घेऊन बसली होती.

मी हे काम केलेलं आहे, म्हणून ते कसं होतं ते मला माहीत आहे. क्लार्क मागच्या महिन्याची फाइल उघडतो, दिवस आणि पगार बदलतो आणि चढवतो. माणूस परत येईल की नाही ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं, आणि 1 लिहिलं की पुढे काही विचारणा होत नाही. महिन्याच्या 15 तारखेला दोनशे ओळी भरायच्या असतात. त्या एका आकड्यानं कुणाचा भत्ता अडेल हे त्याच्या डोक्यातही येत नाही. माझ्याही आलं नव्हतं कधी.

पण खरी गोम ऑगस्टच्या ओळीत होती. जून 12 दिवस, पगार 5,000. जुलै 24 दिवस, 10,000. सप्टेंबर 26 दिवस, 10,833. तिन्ही ओळींत पगाराला दिवसांनी भागलं की रोज साधारण 417 रुपये येतो. आणि ऑगस्ट: 15 दिवस, पगार 10,417. भागून बघा, रोज 694 रुपये. एकाच कामाला, एकाच ठेकेदाराकडे, फक्त त्या एका महिन्यात. 25 च्या जागी 15 टाइप झालं होतं, एवढंच. वर्गणीही पूर्ण पगारावर, 0.75 टक्क्यांनी 79 रुपये, कापून भरलेली. महामंडळाला एक पैसाही कमी गेला नव्हता. पण 12, 24, 15 आणि 26 यांची बेरीज 77 होते, आणि हवे होते 78.

बाई बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "ऑगस्टात मी रक्षाबंधनाची सुद्धा सुटी घेतली न्हवती."

हातात पुरावे काय होते? पगाराची चिठ्ठी, 25 दिवसांची. पीएफचं पासबुक, त्यात ऑगस्टची वर्गणी 10,417 वर. बँकेत 10 सप्टेंबरला जमा झालेला पगार. आणि हजेरी. हजेरीसाठी आम्ही ठेकेदाराकडे न जाता मूळ कंपनीच्या एचआरकडे गेलो. तेव्हाच्या ईएसआय कायद्याच्या कलम 40 प्रमाणे ठेकेदाराच्या कामगारांची वर्गणी भरायची जबाबदारी आधी मूळ मालकाची असायची; ठेकेदाराकडून ती वसूल करणं हा त्यांचा आपसातला मामला. हे पत्रात एका वाक्यात लिहिलं. एचआरमधल्या तरुण अधिकाऱ्यानं दोन दिवसांत ऑगस्टच्या गेट नोंदींची सही-शिक्क्याची प्रत दिली, आणि ठेकेदाराला फोनही केला. माझ्या अनुभवात ठेकेदाराच्या दाराशी आठ खेपा घालण्यापेक्षा मूळ कंपनीला एक सरळ पत्र जास्त काम करतं.

मार्चमध्ये ठेकेदारानं शाखेमार्फत ऑगस्टचे दिवस दुरुस्त केले. 87 झाले. डिसेंबरचा कारणाचा आकडाही बदलला. आम्ही समाधानानं 22 मार्चला अर्ज पुन्हा दिला.

9 एप्रिलला तो पुन्हा परत आला. या वेळी कारण लेखी नव्हतं. खिडकीवर तोंडी सांगितलं, "तुम्ही स्वतःहून काम सोडलंय, यात बसत नाही." योजनेत तसं होतं. स्वेच्छेनं नोकरी सोडलेल्याला, शिस्तभंगाच्या कारवाईत काढलेल्याला, निवृत्तीचं वय झालेल्याला हा भत्ता नव्हता. पण बाईंनी काम सोडलं होतं असं म्हणालं कोण? पोर्टलवर डिसेंबरला 1 च्या जागी आता 2 होतं, नोकरी सोडली. आणि 2 हा आकडा स्वतःहून सोडलेल्यालाही लागतो आणि घरी पाठवलेल्यालाही. त्यावरून कुणी स्वेच्छेचा निष्कर्ष काढला असेल तर तो चुकीचा होता. पण मला वाटलं, याच्या मागे आणखी एखादा कागद असणार.

या सगळ्या व्यवस्थेत मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. ज्यानं काम काढून घेतलं, त्याच्याच शब्दावर काम कसं गेलं ते ठरतं. 2020 मध्ये नियम बदलून कामगाराला थेट अर्ज करता आला, ती मोठी सुधारणा होती आणि तिच्यामुळेच हे प्रकरण आमच्यापर्यंत पोचलं. पण अर्ज थेट झाला तरी पडताळणी फिरून ठेकेदाराच्या फाइलपाशीच येते. कामगाराकडे तर काम गेल्याचा कुठलाच कागद नसतो. पत्र देऊन कामावरून काढलेली कंत्राटी बाई मी अजून पाहिलेली नाही. तिला फक्त सांगतात, "उद्यापासून येऊ नका."

तोंडी नकाराविरुद्ध अपील करता येत नाही; नकार आधी कागदावर आणावा लागतो. 12 एप्रिलला बाईंच्या नावानं माहिती अधिकाराचा अर्ज केला, दहा रुपयांचं पोस्टल ऑर्डर लावून. मागणी दोनच ओळींची: माझ्या अर्जावरचा निर्णय आणि त्याचं कारण, आणि मालकाकडून आलेल्या सर्व पत्रांच्या प्रती. दोन दिवसांनी, 14 एप्रिलच्या रात्रीपासून, राज्यात 'ब्रेक द चेन'चे निर्बंध लागले. कार्यालयांत हजेरी कमी झाली, खिडकी बंदच. तीस दिवस उलटले. पहिल्या अपिलाचा कागद तयार ठेवला होता, तेवढ्यात 19 मे रोजी उत्तर आलं.

सोबत ठेकेदाराच्या पत्राची प्रत होती, चार ओळींची. "सदर कामगार दि. 8/11/2020 पासून कोणतीही पूर्वसूचना न देता गैरहजर असून तिने स्वतःहून काम सोडले आहे."

बाई रडल्या नाहीत. रागावल्या. पिशवीतून फोन काढला आणि व्हॉट्सॲपचा ग्रुप उघडला. चौदा बायका आणि सुपरवायझर असा ग्रुप. 6 नोव्हेंबरच्या संध्याकाळचा सुपरवायझरचा आवाजी निरोप त्यात होता: उद्या शेवटचा दिवस, गेटपास जमा करा, ऑर्डर आली की बोलावतो. सहा महिने तो निरोप त्या फोनमध्ये पडून होता. आम्ही विचारलं नव्हतं आणि तो पुरावा असू शकतो हे त्यांना माहीत नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या खोलीत नवीन माणूस आला की पहिला प्रश्न असतो, "कामावर येऊ नका असं सांगितलं कुणी, कधी आणि कशावर? फोनमध्ये आहे का?"

31 मे रोजी महामंडळाच्या वरच्या कार्यालयाला निवेदन पाठवलं, रजिस्टर्ड पोस्टानं. दीड पानाचं. लांब निवेदनं वाचली जात नाहीत, आणि त्यात रडगाणं असलं की मुद्दा बुडतो. या निवेदनातला गाभ्याचा भाग असा होता:

"मी काम सोडलेले नाही. दि. 6/11/2020 रोजी सुपरवायझरने चौदा कामगारांना दुसऱ्या दिवशी गेटपास जमा करण्यास सांगितले (संदेशाचे लेखी रूप व फोनमधील छायाचित्र जोडले आहे). दि. 7/11/2020 रोजी कंपनीच्या गेटवर एकाच वेळी चौदा पास जमा झाल्याची नोंद आहे (प्रत जोडली आहे). एकाच दिवशी चौदा कामगार स्वतःहून काम सोडून गेले असे मालकाचे म्हणणे असल्यास, त्यांपैकी एकीलाही कामावर हजर होण्याची नोटीस का दिली नाही, याचा खुलासा मागवावा."

काम सोडणं हा हेतूचा प्रश्न असतो, नुसत्या गैरहजेरीवरून तो गृहीत धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जी. टी. लाड विरुद्ध केमिकल्स अँड फायबर्स या प्रकरणात सांगितलेलं आहे. त्याचा उल्लेख एका वाक्यात केला. त्याच ग्रुपमधल्या पाच बायकांची सहीची निवेदनं जोडली. 2 जूनला तीच तक्रार केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रारींच्या पोर्टलवरही टाकली. तिथे तक्रारीला क्रमांक मिळतो आणि ती कुठे थांबली आहे ते दिसतं.

पुढची पायरीही ठरवून ठेवली होती. ईएसआय कायद्याच्या कलम 75 खाली कर्मचारी विमा न्यायालयात दाद मागता येत होती, कलम 77 प्रमाणे तीन वर्षांच्या आत. तेरा-चौदा हजारांसाठी कोर्टात जायचं का, यावर आम्हा चौघांत दोन मतं होती. मी जायच्या बाजूची होते. (हे सगळे कलमांचे आकडे 1948 च्या कायद्याचे आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, तेव्हा आज अर्जात हे आकडे जसेच्या तसे उतरवू नका.)

कोर्टापर्यंत जावं लागलं नाही. जूनच्या शेवटी ठेकेदाराला खुलासा मागणारं पत्र गेलं. त्यानं कळवलं की मागणी नसल्यानं काम थांबवलं होतं. 16 जुलैला अर्ज मंजूर झाला.

या काळात एका रविवारी बाईंनी हळू आवाजात विचारलं होतं, "ताई, फेब्रुवारीपासून दोन घरी पोळ्या करते. ते लपवायचं का?" मी म्हटलं, काही लपवायचं नाही. भत्ता मागितला आहे तो 8 नोव्हेंबर ते 5 फेब्रुवारी या 90 दिवसांचा. पोळ्यांचं काम 15 फेब्रुवारीला लागलं, त्याचा याच्याशी संबंध नाही. त्यांना कोणी तरी सायबर कॅफेत सांगितलं होतं की काम सुटल्याची तारीख पुढे ढकला, म्हणजे सोपं जाईल. असलं कधी करू नये. खोटं निवेदन केलं तर तेव्हाच्या कलम 84 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकत होतं, आणि शिक्षा झाली की ही योजनाही बंद.

रक्कम किती, हेही सांगायला हवं, कारण पन्नास टक्के ऐकून लोक पगाराच्या निम्मं धरून बसतात. हिशेब तसा नाही. चार वर्गणी-काळांची एकूण मिळकत घ्यायची आणि 730 दिवसांनी भागायची. त्या 730 मध्ये रविवार आले, सणाच्या सुट्या आल्या आणि लॉकडाऊनमधले अडीच महिनेही आले. बाईंची चार काळांची मिळकत 61,800, 63,000, 62,400 आणि 36,250, म्हणजे एकूण 2,23,450. भागिले 730, रोज 306 रुपये. त्याचं निम्मं 153. नव्वद दिवसांचे 13,774 रुपये. रोज 417 मिळवणाऱ्या बाईंनी 208 धरले होते. ज्या लॉकडाऊनसाठी भत्ता वाढवला, त्याच लॉकडाऊनच्या रिकाम्या महिन्यांनी सरासरी खाली ओढली. कोरोनापुरते तरी ते महिने भाजकातून वगळायला हवे होते असं माझं ठाम मत आहे.

मंजुरीनंतरही पैसे लगेच आले नाहीत. 27 जुलैला रक्कम परत गेली. बाईंची बँक 1 एप्रिल 2019 ला दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती आणि जुने आयएफएससी कोड 1 मार्च 2021 पासून बंद झाले होते. जानेवारीत पासबुकावरून उतरवलेला कोड तेव्हा चालू होता, जुलैत मेला होता. नवीन पासबुक, रद्द केलेला चेक, पुन्हा अर्ज. 3 सप्टेंबर 2021 ला पैसे जमा झाले. काम जाऊन दहा महिने होत आले होते. त्यातले आठ हजार दिवाळीत घेतलेल्या उसनवारीला गेले.

बाकीच्या तेरा जणींपैकी आठजणींच्या वर्गणीच्या ओळी नंतर आम्ही तपासल्या. सगळ्यांच्या डिसेंबरला कारण 1 होतं. ऑगस्टला 25 च्या जागी 15 आणखी तिघींच्या ओळीत होतं. कुणी तरी एक्सेलमध्ये एकदा चुकीचा आकडा टाकून तोच खालच्या ओळींत ओढला असावा. त्यांतल्या दोघींचे दिवस दुरुस्त झाले, भत्ताही मिळाला. तिसरी मार्च 2021 मध्ये खोली सोडून जालन्याकडे गावी गेली होती. तिच्या घरमालकाकडे दोनदा निरोप ठेवला, ग्रुपवरचा तिचा नंबर रविवारी खोली उघडली की लावून बघायचो. तो लागला नाही.